तीन नंबरची पायवाट पोचवायला येते

वाघबंदरच्या सागरी उद्यानातली तीन नंबरची पायवाट मंगळवारी सकाळी कुमुदिनी केळुसकरांना घरापर्यंत पोचवायला आली.

त्यात पायवाटेचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. कुमुदिनीबाई त्रेसष्ट वर्षांच्या. पोस्टातून निवृत्त झाल्यावर साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालण्याचा कंटाळा आला म्हणून बाई धावायला लागल्या. उद्यानात धावण्याच्या वाटा तीन. पहिली सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाते, दुसरी खाडीच्या कडेने, आणि तिसरी जांभ्या खडकाच्या उघड्या सड्यावर चढून केवड्याच्या बेटाजवळ उतरते. दोन वर्षं बाई रोज तिसरीवरच धावत होत्या. त्या मंगळवारी उतारावर त्यांचा पाय मुरगळला. त्या लंगडत फाटकापर्यंत आल्या, नेहमीप्रमाणे मागे वळून "येते हं" म्हणाल्या, आणि अशा बाईला एकटीला कसं सोडायचं म्हणून वाट बरोबर निघाली.

घरी पोचल्यावर बाईंनी पाहिलं, तर तांबडी माती, सुरूच्या काड्या, '१ कि.मी.' लिहिलेला दगड आणि सिमेंटचं एक बाकडं असा सगळा संसार घेऊन वाट अंगणात उभी.

"अगो, एवढ्या लांब कशाला आलीस?" बाई म्हणाल्या. त्यांनी तिला पाणी दिलं, नक्षीच्या कपबशीतून चहा दिला आणि दुपारी पाय जरा बरा वाटल्यावर तिला परत पोचवायला निघाल्या. घरी आलेल्याला निदान वळणापर्यंत पोचवावं, ही केळुसकरांकडची रीत. बाई ती जरा जास्तच पाळत. त्यांच्या फाटकात उभं राहून निरोप घेता घेता लोकांच्या दोन-दोन एसट्या चुकलेल्या आहेत.

उद्यानाच्या फाटकाशी बाई म्हणाल्या, "बरं, येते हं मी." वाट थोडी घुटमळली. बाई आपल्याला पोचवायला एवढ्या आल्या, आता आपण नुसतं तोंड फिरवायचं? ती पुन्हा बाईंच्या मागोमाग घरी आली.

बुधवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या.

बुधवारी दुपारी वनरक्षक सत्यवान धुरी सायकलवरून आला. उद्यानातून गुरं सुटली, माणसं हरवली, तर पाहायचं काम त्याचं. त्याने सायकल वाटेवर न घालता बाजूला लावली.

"काकी, आमची तीन नंबर तुमच्याकडे आसा काय?"

"आहे की. ही काय, अंगणाच्या कडेला. काल दोनदा सोडून आले, आज चारदा."

"आणि थय काय झाला, ठावक आसा? लोक धावत येतत आणि करवंदीच्या जाळीत शिरतत. एका वकिलाची चड्डी फाटली." सत्यवानाने पिशवीतून छापील कागद काढला. "वाट बाहेर गेल्याचो नमुनो आमच्याकडे नाय. जनावर हद्दीबाहेर गेल्याचो आसा. तोच भरतंय."

त्याने बाकड्यावर बसून कागद भरला. जनावराचा रंग, तांबडा. शिंगे, नाहीत. मारकुटे आहे काय, नाही. लांबी, दोन हजार चारशे मीटर. शेपटीसह की शेपटीविना, या रकान्यापाशी तो बराच वेळ थांबला आणि शेवटी त्याने 'लागू नाही' असं लिहिलं.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. शनिवारी आठ वाजता मोजणीचे साहेब फीत घेऊन येणार होते. जी वाट जागेवर सापडणार नाही तिच्यापुढे 'आढळून आली नाही' असा शेरा पडणार, आणि तो शेरा पडला की वाट कायमची नोंदवहीतून जाणार. तिच्या जागेवर पर्यटकांच्या गाड्या लावायचा नकाशाही तयार होता.

बाई वाटेकडे बघत बाकड्याच्या कडेला टेकल्या. ज्या वाटेने त्यांना एकसष्टाव्या वर्षी धावायला शिकवलं, दम लागला की जिने नेमकं तिथेच सावलीचं बाकडं पुढे केलं, ती आपल्या भिडेपायी जाणार! भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

गुरुवारी त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. वाटेला उद्यानात सोडून त्या न सांगताच निघाल्या, तर काही बिनसलं की काय या काळजीने ती धावतच मागे आली. सत्यवानाने फाटकाला कुलूप घातलं, तर ती कुंपणाखालून, खेकडे जातात तिथून आली. बाईंचे यजमान आबा तिला पोचवायला गेले, तर ती आबांनाही पोचवायला आली, आणि वर त्यांच्या गुडघ्यांकडे बघून हळूहळू आली. सगळ्या भानगडीत बाईंची साखर तेवढी उतरली. डॉक्टर म्हणाले, जे काही करताय ते असंच चालू ठेवा.

शुक्रवारी सकाळी बाई पायरीवर बसून रडल्या. "उद्या जाईल हो ती," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे जाईल. आणि तिला 'येऊ नको' म्हणायला माझी जीभ उचलत नाही."

आबा पेपर वाचत होते. खाली न ठेवताच ते म्हणाले, "अडतीस वर्षं मी या घरातून पतपेढीत गेलो. तू मला एकदा तरी फाटकापर्यंत पोचवायला आलीस?"

"तुम्हाला? तुम्हाला कशाला पोचवायचं? घरचे तुम्ही."

"मग?" आबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

बाईंनी डोळे पुसले. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नक्षीची कपबशी त्यांनी फडताळात ठेवून दिली आणि कान तुटलेला कप काढला. तो कप फक्त घरच्यांचा. वाटेला त्यांनी 'घेणार का' असं विचारलंही नाही, चहा ओतून नुसता पुढे सरकवला. वाट जराशी बिचकली, पण चहा प्यायली.

मग तिला काम लावलं. तिच्या सड्याकडच्या उन्हाच्या तुकड्यावर आमसुलं पसरली आणि "कावळ्यांवर लक्ष ठेव" असं सांगून बाई आत गेल्या. दुपारी सकाळचीच पेज वाढली, वर लोणच्याचा खार. शेजारच्या बाई आल्या तेव्हा कुमुदिनीबाईंनी वाटेची ओळखसुद्धा करून दिली नाही. "जरा सरक गो," एवढंच म्हणाल्या, आणि वाट सरकली.

आता राहिलं होतं एकच, आणि बाईंना त्याचीच धास्ती होती. पाहुण्याला कुणी रागावत नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी ओसरीवर तांबड्या मातीचा पट्टा पाहिला आणि सगळं बळ एकवटलं.

"काय ही माती! आत्ता पुसलं होतं मी! घरात पाय धुऊन यायचं कुणी शिकवलं नाही का तुला? आणि अर्धी आमसुलं कावळ्यांनी नेली ती?"

वाट चांगली हातभर आखडली. बाईंना वाटलं, झालं, आता ही रुसणार. आबांनी पेपरमागे डोळे मिटून घेतले. पण वाट हळूच ओसरीवरून खाली उतरली, आपली माती आपणच गोळा केली आणि मागीलदारी जाऊन ऐसपैस पसरली. इतके दिवस ती अंगणाच्या कडेला अंग चोरून राहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने तुळशीला वळसा घातला आणि विहिरीपर्यंत पाय लांब केले.

शनिवारी सकाळी सहा वाजता दोघी निघाल्या. उद्यानाच्या फाटकाशी सत्यवान हातातला कागद चुरगळत उभा होता. वाट आत शिरली. बाईंच्या ओठांवर 'येते हं' अगदी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"चल, पसर लवकर, साहेब येतील," त्या म्हणाल्या. "आणि केवड्याकडचे ते दगड नीट लाव."

एवढं बोलून त्या वळल्या आणि चालू लागल्या. मागे बघायचं नाही, घरच्यांकडे कुणी मागे वळून बघत नाही, असं त्या स्वतःला बजावत होत्या. ओढ्यावरच्या मोरीपाशी मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी हळूच मान वळवली. मागे फक्त डांबरी रस्ता होता आणि त्यावर एक बकरी. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि एकट्याच मोठ्याने हसल्या.

आठ वाजता मोजणी झाली. साहेबांनी फीत दोनदा लावली.

"नोंदीत दोन हजार चारशे मीटर आहे. इथे दोन हजार चारशे अकरा भरतंय. अकरा मीटर जास्त कसे?"

"चार दिस घरचा जेवली, साहेब," सत्यवान म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला, वाटेकडे पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'जागेवर आढळून आली, प्रकृती उत्तम' असं लिहून सही केली. गाड्या लावायचा नकाशा त्यांनी गुंडाळून ठेवला.

रविवारी बाई पुन्हा धावायला गेल्या. पाय ठणठणीत होता. सडा चढल्या, केवड्याशी उतरल्या, फाटकातून बाहेर पडल्या. वाट जागची हललीसुद्धा नाही.

घरी आबा अंगणातल्या सिमेंटच्या बाकड्यावर चहा पीत बसले होते.

"कोण आलंय पोचवायला?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आत येताक्षणी फाटक लावलं. मग त्या आबांशेजारी टेकल्या आणि बाकड्यावर हात फिरवला. "हे बाकडं राहिलंच की हो तिचं."

"राहू दे," आबा म्हणाले. "घरचीच ती. नेईल सवडीने."