मुंगसांचा वाटा

एका जंगलात, म्हणजे खरं तर एकाच नव्हे, चार जंगलांत मिळून एक करार झाला होता. कुठली जंगलं ते विचारू नका. नावं सांगितली की नकाशा काढावा लागतो, आणि नकाशा काढला की भांडणं लागतात. ऐकायचं असेल तर नीट मांडी घालून बसा.

करार असा होता, की चौघांपैकी एकावर संकट आलं तर ते चौघांवर आलं असं समजायचं. वाचणाऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढावं, असा करार! मोठ्या जंगलाच्या सिंहाने त्यावर पंजा उमटवला. डोंगरावरच्या हत्तीने पाय उमटवला. तळ्याकाठच्या बगळ्यांनी चोच टेकवली. आणि माळावरच्या मुंगसांनीही कोपऱ्यात कुठेतरी आपलं बोट लावलं.

मुंगसांचं जंगल म्हणजे करवंदीच्या जाळ्या आणि चार बोरी. जंगल म्हणायचं ते आपलं मानाने. तिथे ऐंशी मुंगसं राहायची. त्यांचा मुखिया दाजिबा. त्याची बायको ठमाबाई. त्यांना चार पिल्लं. धाकटीचं नाव चिमी.

माळाच्या मधोमध एक वारूळ होतं आणि वारुळात एक नाग होता. घाबरू नका. मुंगसांची एक रीत होती. रोज सकाळी ऐंशीच्या ऐंशी मुंगसं शेपट्या फुलवून वारुळाला एक फेरी घालायची आणि मग न्याहारीला जायची. नाग बिळाच्या तोंडाशी येऊन ती मोजायचा. ऐंशी भरली की परत जाऊन झोपायचा. अशी कित्येक वर्षं गेली. माळावरचं एकही पिल्लू गेलं नाही.

आता सिंहाकडे या. सात डोंगरांपलीकडे एक खोरं होतं. तिथे तरसांचं राज्य होतं. एके दिवशी सिंहाच्या लक्षात आलं, की तरस नीट वागत नाहीत. तिथली हरणं चांगली लठ्ठ होती, पण ती वेगळी गोष्ट. तरसांना वळण लावायला सिंहाची फौज निघाली. आठ दिवसांत येतो म्हणाली. तीन वर्षं झाली, तरस काही सुधारेनात. शेवटी सिंहिणी कुरकुरायला लागल्या, "आम्हीच किती दिवस मरायचं?"

सिंहाला ते पटलं. मरण्याचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा, असं त्याने ठरवलं आणि सभा बोलावली.

सभेत बसायला दगड होते. मोठ्यांना पुढचे, लहानांना मागचे, आणि मुंगसांना मुळीच नाही. ती हत्तीच्या मागे उभी राहायची. आजवरच्या प्रत्येक सभेत दाजिबाने फक्त हत्तीची शेपटी पाहिली होती. त्या दिवशी मात्र सभेचा चिटणीस कोल्हा धावत त्याच्याकडे आला.

"अहो दाजिबा, तुम्ही मागे काय उभे? या, पुढे या. हा दगड तुमचा."

"माझा?" दाजिबा म्हणाला.

"म्हणजे काय! महाराजांनी सांगून ठेवलाय."

दाजिबा दगडावर बसला. गार, सपाट, गुळगुळीत दगड होता तो. जन्मात त्याला कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

मग वाटणी सुरू झाली.

"मी महाराजांच्या पाठीशी उभा आहे," हत्ती म्हणाला.

"कुठे?" कोल्ह्याने विचारलं.

"इथेच. मला डोंगर चढवत नाहीत."

बगळा म्हणाला, "जे कोणी मरतील त्यांच्यासाठी आम्ही रोज एका पायावर उभे राहू." ते एरवीही तसेच उभे असतात. पण कोल्ह्याने लिहून घेतलं.

"मी नेतृत्व देतो," सिंह म्हणाला. टाळ्या पडल्या. मग सिंहाने मान वळवली आणि म्हणाला, "आणि आमचे जुने मित्र दाजिबा!"

दोघांची ओळख त्याच सकाळी झाली होती. दाजिबा घरून ठरवून आला होता, पाच म्हणायचं. फारच आग्रह झाला तर दहा. पण सगळी सभा आपल्याकडे बघतेय, खाली असा दगड आहे, आणि महाराज जुने मित्र म्हणताहेत! त्याच्या तोंडून निघून गेलं, "साठ!"

हत्तीने डोळे पुसले.

घरी आल्यावर काय झालं ते तुमच्या घरी होतं तेच.

"साठ?" ठमाबाई म्हणाली. "अहो, ऐंशीतली साठ? मग फेरी कोण घालणार?"

"उरलेली वीस."

"त्या विसांत अकरा म्हातारी आहेत. दोघांना दिसत नाही."

"अगं, नाग काय मोजत बसतो?"

"दिवसभर तेवढंच तर करतो तो!"

दाजिबा हसला. "ठमे, तुला राजकारण कळत नाही. उद्या आपल्यावर वेळ आली तर ते येतील ना. करार आहे. हत्ती येईल. हत्तीने नुसता पाय ठेवला की नाग सपाट."

"हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय तुम्हाला त्यांनी," ठमाबाई म्हणाली. "एक दगड दिला आणि साठ जीव घेतले. आधी उतरा खाली, आणि जाऊन सांगा, जमणार नाही म्हणून."

"आता कसं सांगू? टाळ्या झाल्या ना!"

आणि तो साठ मुंगसं घेऊन निघाला. शब्द दिला होता. टाळ्या झाल्या की मागे फिरता येत नाही, असं पुष्कळांना वाटतं.

खोऱ्यात एक कोरडा ओढा होता. मुंगसांना ओढ्यात उभं केलं. सिंहाची फौज मार्गदर्शन करायला टेकडीवर सावलीत गेली. समोरून तरस आले. त्यांच्यातला एक म्हातारा तरस मुंगसांना बघून थबकला.

"तुम्ही कोण रे बाबांनो?"

"मुंगसं," दाजिबा म्हणाला. "तुम्ही साप आहात का?"

"नाही बुवा. का?"

"आम्ही सापांशी लढतो."

"मग इथे काय करताय?"

"आम्ही मित्र आहोत."

"कोणाचे?"

दाजिबाने टेकडीकडे बोट दाखवलं. फौज झोपली होती. तरसाने बराच वेळ तिकडे पाहिलं, म्हणाला "बरं," आणि लढाई सुरू झाली. त्या आठवड्यात नऊ मुंगसं मेली. तरसाच्या जबड्यात मुंगसाचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

इकडे माळावर पहिल्या सकाळी वीस मुंगसांनी फेरी घातली. नागाने मोजली. चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत मोजली. नाग मोठा सावध प्राणी, त्याने चार दिवस मोजली. पाचव्या दिवशी भर दुपारी तो बाहेर आला, सावकाश माळ ओलांडला आणि दाजिबाच्या बिळात शिरला. ठमाबाई पाण्यावर गेली होती. ती आली तेव्हा तीन पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. चिमी नव्हती.

कोण हसलं रे? इथे हसायचं नाही.

ठमाबाई रडत बसली नाही. म्हणजे रडली, पण धावता धावता. तशीच धापा टाकत ती सभेत पोचली आणि मधोमध उभी राहिली.

"करार आहे ना? आमच्यावर संकट आलंय. चला."

सगळे गंभीर झाले. संकट खरं होतं, कोणी नाही म्हटलं नाही. हत्ती म्हणाला, मी ठमाबाईंच्या पाठीशी उभा आहे. बगळे चिमीसाठी एका पायावर उभे राहिले. सिंहालाही वाईट वाटलं. त्याने कोल्ह्याला विचारलं, "नागाशी लढायला कोण लागतं?"

"मुंगसं, महाराज."

"मग पाठवा की ताबडतोब!"

"आपल्याकडची सगळी मुंगसं खोऱ्यात आहेत, महाराज."

"अरेरे," सिंह म्हणाला.

"मग माझीच माणसं मला परत द्या!" ठमाबाई ओरडली. "मला तुमचं काही नको. माझी माझी द्या!"

कोल्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, ती आता तुमची एकटीची नाहीत. ती चौघांची आहेत. तुम्हीच अशी माघार घेतलीत तर बाकीच्यांनी काय करायचं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तरीही सभेने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. कोल्हा स्वतः वारुळाकडे गेला. फार जवळ नाही, पण ओरडलं तर ऐकू जाईल इतपत गेला. पुष्कळ बोलणी झाली. नाग रोज एक पिल्लू नेत होता. आता एक दिवसाआड नेईन म्हणाला. त्या बदल्यात त्यालाही करारात घ्यायचं आणि सभेत बसायला दगड द्यायचा. दाजिबाचा दगड रिकामाच होता, तो दिला. सभेत जाहीर झालं की माळावरचा हिंसाचार निम्म्यावर आला आहे. खूप टाळ्या पडल्या.

असे दिवस गेले. मग खोऱ्यातली हरणं संपली. त्याच दिवशी सिंहाने सांगितलं, की तरस सुधारले, आपला विजय झाला. फौज वाजतगाजत घरी गेली. ओढ्यातल्या मुंगसांना सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी तो म्हातारा तरस आला आणि म्हणाला, "अहो, तुमचे मित्र गेले की! तुम्ही अजून इथेच?"

घरची वाटही त्यानेच दाखवली. साठ गेली होती, तेवीस परतली.

दाजिबा बिळाशी आला. आतून एकच पिल्लू बाहेर आलं.

"चार होती ना गं?" तो म्हणाला.

ठमाबाईने त्या पिल्लाच्या अंगावरची माती झटकली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं दाजिबाला वाटलं. तो तिथेच मातीत बसला आणि ढसाढसा रडला. मग उठला, शेपटी फुलवली आणि वारुळाकडे निघाला.

वाटेत कोल्हा उभा होता. "दाजिबा, थांबा! नागोबा आता आपले मित्र आहेत. मित्रावर हल्ला म्हणजे चौघांवर हल्ला. आता पाच झालो म्हणा."

"माझी तीन पिल्लं खाल्ली त्याने."

"त्याबद्दल बगळे उभे राहिले होते."

दाजिबा घुटमळला. काय करणार, सवय! शब्द, करार, टाळ्या, सगळं त्याच्या डोक्यात गरगरायला लागलं. तेवढ्यात मागून ठमाबाई आली. तिच्याबरोबर ती तेवीस होती, आंधळी-म्हातारी होती, पोरं गमावलेल्या सगळ्या बाया होत्या.

"तुम्ही चर्चा करा," ती नवऱ्याला म्हणाली. "आम्ही फेरी घालून येतो."

आणि ती कोल्ह्याला बाजूला सारून पुढे गेली. दाजिबा एक क्षण थांबला, मग तिच्यामागून धावत सुटला.

नाग बाहेर आला. त्याने मोजायला सुरुवात केली. ऐंशी काही भरत नव्हती, म्हणून तो निवांत होता. पण या वेळी फेरी वारुळाभोवतीच राहिली नाही, सरळ त्याच्या अंगावर आली. "अहो, मी सभासद आहे!" एवढंच तो म्हणू शकला. सभासदाची मान ठमाबाईच्या दातांत होती.

सभेत हाहाकार उडाला. मित्राचा खून! विश्वासघात! सिंहाने अशी डरकाळी फोडली की पानं गळाली. तिथल्या तिथे माळावर स्वारी करायचं ठरलं. नेतृत्व, पाठिंबा, एक पाय, सगळं मिनिटात जमलं. कोल्ह्याने यादी वाचली आणि विचारलं, "लढायला कोण जाणार?"

हत्ती आपल्या नखांकडे बघायला लागला.

"मुंगसांना पाठवा," सिंह म्हणाला.

कोल्हा त्याच्या कानाशी वाकला. "महाराज, लढाई त्यांच्याशीच आहे."

सिंहाने पुष्कळ वेळ विचार केला. इतका, की बगळ्यांनी पाय बदलला. शेवटी ठराव झाला, की दुसरी मुंगसं मिळेपर्यंत लढाई तहकूब ठेवावी. ती अजून तहकूब आहे. सभेचे लोक हल्ली दूरदूरच्या माळांवर हिंडतात आणि बारीकसारीक प्राण्यांची फार प्रेमाने चौकशी करतात.

तात्पर्य : मुलांनो, संकटात जो धावून जातो तोच खरा मित्र. म्हणून शहाण्याने खरे मित्र पुष्कळ जोडावेत, आणि आपण स्वतः होता होईतो कोणाचा खरा मित्र होऊ नये.