केतकरांची बिनचूक गाडी

"जर्मनीतल्या कुठल्याही तपासनिसाला माझ्या गाडीत एक जरी चूक सापडली, तर मी मिशी उतरवीन!" भास्कर केतकरने पोळीचा तुकडा हवेत नाचवत जाहीर केलं.

"मिशीला कशाला मध्ये आणता?" कुसुम त्याच्या ताटात भाजी वाढत म्हणाली. "तिने काय बिघडवलंय तुमचं?"

साल १९६२. नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात भास्कर इंजिनिअर होता. दिवसभर लोकांच्या गाड्या आणि संध्याकाळी स्वतःची, असा त्याचा संसार. इंग्लंडहून खोक्यांतून आलेले सुटे भाग आणि एका म्हाताऱ्या जर्मन गाडीचं इंजिन यांचं लग्न लावून त्याने घरमालकिणीच्या अंगणात दोन माणसांची लालभडक गाडी उभी केली होती. त्या काळात कुसुमने नवऱ्याचा चेहरा कमी आणि गाडीखालून बाहेर आलेले बूट जास्त पाहिले. तरी ती बॅटरी धरून शेजारी बसायची, पाना मागितला की पाना द्यायची, आणि चहा थंड झाला की पुन्हा गरम करून आणायची.

अडचण एकच होती. घरमालकीण फ्राऊ केसलर यांना त्या जागी गुलाब लावायचे होते. "शनिवारपर्यंत ही वस्तू रस्त्यावर चालायला मंजूर झाली नाही, तर भंगारवाला येऊन घेऊन जाईल!" त्यांनी बजावलं होतं. भंगारवाला त्यांचा सख्खा दीर होता. त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती.

तपासणीचा टेर्मीन, म्हणजे ठरलेली वेळ, मिळाला शुक्रवारचा. पुढचा थेट महिन्यानंतर! एका गॅरेजची तात्पुरती लाल नंबरप्लेट उसनी लावून नवराबायको तपासणी केंद्रावर पोचली.

तपासनीस हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेनर यांचा चेहरा इस्त्री करून हँगरला लावून ठेवल्यासारखा होता. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिले. मग हातोडी घेऊन गाडीखाली शिरले ते बाहेर येईनात. भास्करला वाटलं, माणूस रमला!

ते बाहेर आले तेव्हा इस्त्री आणखी कडक झाली होती.

"आल्झो, तर मग, एकही चूक नाही."

"नाहीच!" भास्कर पुरीसारखा फुगला.

"तोच तर प्रश्न आहे, हेर केतकर. घरी बांधलेल्या गाडीत चार तरी चुका असतात. एखादा बोल्ट ढिला, एखादी वायर भलतीकडे. हे काम हौशी माणसाचं नाही. गेल्याच महिन्यात एका गॅरेजवाल्याने चोरून जोडलेली गाडी गिऱ्हाइकाने बांधली म्हणून माझ्यासमोर उभी केली होती. तेव्हापासून मी आधी खात्री करतो. ही कुणी बांधली?"

"मी!"

"हे सगळेच म्हणतात."

भास्करची पुरी खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा आपण एखादा बोल्ट ढिला ठेवायला हवा होता, असं त्याला वाटलं. "आमच्या घरमालकिणीला विचारा," तो म्हणाला. "गाडी त्यांच्याच अंगणात बांधली."

हेर ब्रेनरनी फोन लावला. 'याऽ', 'याऽ', 'गेनाऊ' असं होकारांचं सत्र बराच वेळ चाललं. मग फोन ठेवून ते भास्करकडे असे वळले, की केंद्राचं दार आतून बंद झाल्यासारखं वाटलं.

"हा हेर अहो कोण?"

"कोण?"

"फ्राऊ केसलर म्हणतात, त्या खिडकीतून वाकून बघत नाहीत, त्या सभ्य बाई आहेत. पण ऐकू तर येतंच. अंगणात रोज ठोकठोक चालायची, आणि तुमची पत्नी तिथे कुणा 'अहो'ला हाका मारायची. 'अहो, पाना!' 'अहो, चहा!' केतकर हे नाव मात्र एकदाही ऐकू आलं नाही. म्हणजे गाडी त्या अहोने बांधली. तो कुठे काम करतो?"

"अहो म्हणजे मीच!"

"तुम्ही तर भास्कर."

"पण ती मला अहो म्हणते!"

"का?"

या प्रश्नाचं उत्तर भास्करने तीनदा सुरू केलं आणि तीनदा सोडून दिलं. शेवटी हेर ब्रेनर म्हणाले, "मी तुमच्या पत्नीलाच विचारतो. त्यांनी सांगितलं की मला पुरे. फ्राऊ केतकर, गाडी कुणी बांधली?"

कुसुमने भास्करकडे बोट दाखवलं.

"गूट. यांचं नाव?"

कुसुम लाजून जमिनीकडे बघू लागली. हेर ब्रेनरनी एक भुवई वर केली. नवऱ्याचं नाव विचारल्यावर बाई गप्प होते, याचा जगात कुठेही एकच अर्थ निघतो!

"अगं, सांग की नाव!" भास्कर कळवळला.

"इथे? परक्या माणसासमोर?"

"लग्नात शंभर माणसांसमोर घेतलंस!"

"तो उखाणा होता. उखाण्यात चालतं."

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे माहेरी वाईत तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते तिथल्या हवेतच होतं. कुसुमचा त्यावर विश्वास नव्हता. पण विश्वास नाही म्हणून नवऱ्यावर प्रयोग करून बघायची तिची तयारी नव्हती.

"कुसुम," भास्कर हळू आवाजात म्हणाला, "उद्या भंगारवाला येईल गं."

कुसुमने वर पाहिलं. दोन हिवाळे बर्फात पाठ टेकून काढलेला माणूस काळ्या झालेल्या नखांनी टोपी चुरगाळत उभा होता.

"मग उखाणाच घेते," ती म्हणाली.

"काय चाललंय?" हेर ब्रेनरनी विचारलं.

"ती तयारी करतेय," भास्कर म्हणाला.

कुसुमने पदर सारखा केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"नेकारच्या काठी द्राक्षांचे मळे,
भास्कररावांनी बांधली गाडी, साक्षीला माझे डोळे!"

शेजारच्या खड्ड्यातल्या मेकॅनिकने डोकं वर काढलं. भास्करने घाम पुसत एकेक शब्द जर्मनमध्ये सांगितला, आणि आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव कवितेतच घेतात, हेही.

हेर ब्रेनरनी कागद पुढे ओढले.

"माझी बायको माझं नाव घेते," ते म्हणाले, "पण फक्त ओरडताना." आणि त्यांनी मंजुरीचा शिक्का मारला.

गाडी द्राक्षांच्या मळ्यांमधल्या मोकळ्या रस्त्याला लागली. वर निळं आभाळ, पुढे सरळ रस्ता! भास्करने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला मात्र, कुसुमने त्याचं कोपर धरलं.

"अहो, हळू! आज नाव घेतलंय मी."

"उखाण्यात चालतं म्हणालीस ना?"

"ऐकणाऱ्याला उखाणा कळला तर! त्या माणसाला काय कळलं? त्याने नुसतं नावच ऐकलं!"

भास्करने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. काटा खाली आला. एक सायकलवाला पुढे गेला. मग एक आजीबाई बाबागाडी ढकलत बराच वेळ सोबत चालल्या आणि कंटाळून पुढे निघून गेल्या. शेवटी गवताने भरलेला एक ट्रॅक्टर मागून आला, बरोबरीने चालू लागला. शेतकऱ्याने वाकून ओरडून काहीतरी विचारलं. भास्करने घाईघाईने नकारार्थी मान हलवली, "नाईन, नाईन, डांके!"

"काय म्हणाला हो?" इंजिनाच्या आवाजात कुसुमला नीट ऐकू आलं नव्हतं.

शेतकऱ्याने विचारलं होतं, मागून ढकलू का?

"म्हणाला," भास्कर रस्त्याकडे बघत म्हणाला, "अशी गाडी त्याने जन्मात पाहिली नाही."

कुसुम समाधानाने हसली. पदर डोक्यावरून घट्ट घेत म्हणाली, "मग दृष्ट लागायची. आणखी थोडी हळू घ्या!"