ब्रह्मा घाटाखालचा अठरा मीटर कोळसा

कंप्युटरला मी घाबरत नाही! सिंगरौलीकडच्या कोळसा खाणींवर चौदा वर्षं भूशास्त्रज्ञ म्हणून काढलेला माणूस मी. हातातल्या दगडावरून जमिनीच्या पोटातलं सांगणारा! टेबलावरच्या डब्याच्या पोटातलं कळायला मला कितीसा वेळ लागणार?

त्यामुळे शहाण्णव साली कंपनीने मला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला बनारसला पाठवलं, तेव्हा मी बदली झाल्यातच जमा धरली. कंप्युटरवर खाणीचा आराखडा करायला शिकायचं, शेवटच्या दिवशी मोठ्या साहेबांना दाखवायचा, आणि पसंत पडला की इथल्याच नव्या प्लॅनिंग ऑफिसात नेमणूक! म्हणजे ब्रह्मा घाटावरच्या मराठी मोहल्ल्यातलं आपलं घर आणि बायकोच्या, पद्माच्या हातचं जेवण. खाणीवरच्या मेसमधली लौकी, म्हणजे आपला दुधी, खाऊन खाऊन माझा रंग हिरवट व्हायला लागला होता.

पहिले तीन दिवस माऊसशी झटापट झाली. मी उजवीकडे ढकलला की बाण डावीकडे!

"सर, माऊस उलटा धरलाय," शिकवणारा उल्हास म्हणाला. पोरगेलासा नागपूरकर, पण बोटं अशी चालायची की तबलजीने हात जोडावेत.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "कंपनीचे खरे आकडे वापरायचे नाहीत. काल्पनिक खाण करा."

मला नसलेलं गाव कुठून सुचणार? मी आपला मोहल्लाच घेतला. काशीनाथकाकांच्या अंगणात एक बोअरहोल, शिवराम गुरुजींच्या पाठशाळेत दुसरं, अशी कागदावर बारा भोकं पाडली. प्रत्येकात मनाला येईल तेवढा जाड कोळशाचा थर टाकला. मशीनने घरघर करत सगळी भोकं जोडली आणि स्क्रीनवर अख्खी खुली खाण तयार! पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, घाटासारखाच देखणा!

त्याचा भलामोठा रंगीत नकाशा छापून घेतला आणि घरी बैठकीत लावला.

"हे काय हो?" पद्माने विचारलं.

"सरकारी काम आहे. गोपनीय. कोणाला बोलू नकोस."

काय गरज होती? पण बायकोने इतक्या आदराने माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी गेल्यावर काशीनाथकाका पेपर मागायला आले. काका पोस्टातून रिटायर झालेले, इंग्रजी उलटं धरलं तरी वाचतात. त्यांनी वाचलं: 'ब्रह्मा घाट खुली खाण, अंतिम खड्डा.' खड्ड्याच्या मधोमध स्वतःचं नाव!

"पद्मा, हे काय गं?"

"काका, मला विचारू नका. सरकारी आहे. गोपनीय!"

झालं! दुपारपर्यंत बातमी रामघाटावर, संध्याकाळी अमृतराव घाटावर. दोन दिवसांत सुरुंगांचा मुहूर्तही ठरला, सोमवार सकाळ! मला मात्र पत्ता नाही. गल्लीतून जाताना लोक बोलता बोलता एकदम गप्प व्हायचे. मला वाटायचं, आदर!

शेवटचा दिवस उजाडला. मोठे साहेब समोर, स्क्रीनवर माझा खड्डा गरागरा फिरतोय, आणि धाडकन दार उघडलं. चाळीस माणसं आत! सगळ्यांत पुढे शिवराम गुरुजी.

"ढुंढिराज! तुझी मुंज मी लावली. आणि तू माझ्या पाठशाळेखाली सुरुंग लावणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "ये कौन लोग हैं?"

"सर..." मी स्क्रीनवरच्या भोकांकडे बोट दाखवलं. "ये मेरे बोअरहोल हैं."

मग मी हात जोडून ओरडलो, "अहो, सगळं खोटं आहे! कोळसा बिलकुल नाही! मी मनानेच टाकलाय!"

गुरुजी स्क्रीनजवळ गेले. "मनाने? माझ्या पाठशाळेखाली किती टाकलास?"

"दोन मीटर."

"आणि काशीनाथच्या अंगणात?"

"अठरा."

काशीनाथकाकांनी हळूच टोपी सारखी केली.

"अठरा!" गुरुजींचा आवाज चिरकला. "जिथे रोज वेद म्हटले जातात तिथे दोन, आणि याच्या म्हशीच्या गोठ्याखाली अठरा?"

"शिवराम, म्हशीला मध्ये आणू नकोस!"

क्षणात दोन तट पडले. मागून एक काकू विचारू लागल्या, "आमच्या घरात भोकच नाही ते? आम्ही काय घोडं मारलंय?"

साहेब मात्र एकटक स्क्रीनकडे पाहत होते. शांतपणे म्हणाले, "गंगाजी कहाँ हैं?"

मी पाहिलं. घरं होती, गल्ल्या होत्या, गोठा होता. नदी टाकायची राहिली होती! काठापासून हाकेच्या अंतरावर ऐंशी मीटर खोल खड्डा, आणि आराखड्यात गंगाच नाही!

सुरुंग माफ केलेल्या त्या चाळीस जणांनी हे मात्र माफ केलं नाही. "गंगा विसरलास?" म्हणून गुरुजींनी कानांवर हात ठेवले. उल्हास टेबलाखाली वायर शोधू लागला.

साहेबांनी माझ्या नावापुढे लिहिलं, 'पुढच्या बॅचबरोबर पुन्हा.' बदली राहिली बाजूला! घरी आल्यावर पद्माने नकाशा उतरवला आणि धान्याच्या डब्यांखाली अंथरला.

दोन दिवसांनी शिवराम गुरुजी आले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

"पुन्हा करतोयस म्हणे तो आराखडा?"

"हो गुरुजी. या वेळी गंगेसकट."

"ते बरंच झालं." त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "नव्याने करतोच आहेस तर... पाठशाळेखाली जरा वीस कर. मोहल्ल्यात तोंड दाखवता येत नाही रे!"

तुम्हाला म्हणून सांगतो, मी बावीस टाकला.