निरंजनने मोजलेली मतं

सोसायटीचा अध्यक्ष हात वर करून निवडायचा, ही कल्पनाच निरंजनला सोसत नव्हती. "आपण काय गुरांच्या बाजारात आहोत?" असं तो भर मीटिंगमध्ये म्हणाला. मतदानाचं यंत्र आणि त्यातली फाइल वाचून मतं मोजणारा प्रोग्रॅम, दोन्ही फुकटात करून द्यायचं त्याने जाहीर केलं. अध्यक्षपदाला तो स्वतःच उभा होता. उमेदवारानेच मतं मोजावीत, यात इंजिनिअरांनी भरलेल्या भूगावच्या त्या सोसायटीत कुणाला काही खटकलं नाही. फुकट म्हटलं की खटकणं बंद होतं.

समोर उभे होते कुशाबा. जमीन मूळची त्यांची. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांमध्ये मुलं, पुतणे राहत होते. त्यांना अध्यक्ष व्हायची हौस होती. निरंजनला मात्र गरज होती. ऑफिसात इतक्या वर्षांत त्याच्या हाताखाली एक माणूस आला नव्हता. इथे निदान वॉचमन तरी आले असते.

रविवारी मतदान झालं, फ्लॅटमागे एक मत. सकाळी बाकीची सोसायटी मत देऊन गेली. कुशाबांचा गोतावळा दुपारी जेवून एका रांगेत आला आणि बटण दाबून गेला. मग नुकतेच उठलेले निरंजनचे उरलेले दोन-चार समर्थक आले, आणि मतदान संपलं.

संध्याकाळी क्लबहाउसच्या पडद्यावर निकाल झळकला : कुशाबा विजयी. टाळ्या पडणार तोच सेक्रेटरी रेश्मा म्हणाली, "थांबा. फ्लॅटांपेक्षा मतं जास्त कशी?"

"कुणीतरी दोनदा बटण दाबलं असणार," निरंजन पुतण्यांकडे बघत म्हणाला.

"दोनदा दाबताच येत नाही, असं तुम्हीच तासभर समजावलंत."

निरंजनची बायको सायली एका कंपनीत इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा पगार घेई. घरी तेच काम बिनपगारी चाले. तिने लॅपटॉप ओढला, जरा वरखाली केलं आणि त्याच्या कानाशी लागली.

"फाइल ब्लॉक-ब्लॉकने, ठरावीक मतांच्या एकेका गठ्ठ्याने वाचलीस. शेवटच्या खेपेला खरंच किती वाचलं गेलं, ते बघितलंस?"

"ब्लॉकभर. ब्लॉक म्हणजे ब्लॉक."

"अरे, इडलीपात्र आठव. शेवटी पीठ थोडंच उरलं, दोन-चार साचे भरले. बाकीच्या साच्यांत मागच्या घाण्यातल्या इडल्या तशाच! तू सगळ्या ताज्या म्हणून मोजल्यास. आणि त्या शिळ्या इडल्या कोण? कुशाबांचं अख्खं घर."

"म्हणजे?"

"म्हणजे तू जिंकलायस, बावळटा. एक ओळ बदल, इथल्या इथे परत मोज, आणि सांग की चूक माझी होती."

निरंजनने हॉलभर नजर फिरवली. पहिल्याच रांगेत ऑफिसातला, याच सोसायटीत राहणारा निषाद बसला होता. मागच्या महिन्यात नेमक्या याच चुकीवरून निरंजनने त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "कॉलेजात काय कॅन्टीनमध्येच बसायचास का?"

"सायेब," कुशाबा म्हणाले, "घोळ आसंल तर करू की हात वर. दोन मिन्टाचं काम हाय."

निरंजन उठला. घसा खाकरला.

"प्रोग्रॅम अचूक आहे. जास्तीची मतं म्हणजे मतदारांच्या कलाची तीव्रता. साध्या मोजणीत ती दिसत नाही."

सायलीने कपाळावर हात मारला. इंजिनिअर असल्यामुळे 'म्हणजे काय?' विचारायची कुणाला सोय नव्हती. एकाने मान डोलावली, मग दुसऱ्याने, मग रांगच्या रांग डोलू लागली. निषाद तर "ऑब्व्हियसली" म्हणाला. रेश्माने निकालावर सही केली.

गळ्यात हार घातलेले कुशाबा निरंजनपाशी आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात धरले.

"लई उपकार झालं बगा. पोरं सकाळपासनं म्हनत हुती, आबा, तुमी पडताय. तुमच्या यंत्रालाच काय ती मानसाची पारख!" मग त्यांनी आवाज उतरवला. "फुडल्या येळंलाबी तुमीच मोजा. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नगा त्याला."