भूतानचं रीडिंग

अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत मला माझ्या नावाने हाक न मारणारा एकच माणूस आहे, समोरचे गावंडे काका. त्यांच्या लेखी मी भूतान आहे.

काका तेल्हाऱ्याकडे वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. शेजारी देश मिळून विजेचं एकच धोरण ठरवतात, हे त्यांनी पेपरात वाचलं आणि आमचं स्वातंत्र्य संपलं. आमच्या चार घरांना डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. मे महिन्यात सगळ्यांचे कूलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम लागल्या की लाइन गेलीच. "चार देशाईले जमते, मंग चार घराईले काहून नाई?" असं म्हणत काकांनी वाटप केलं. स्वतः भारत, देशमुख नेपाळ, शेखसाहेब बांगलादेश. भूतान झाल्याचं मला वाईट वाटलं नाही. घरातलं माझं वजन पाहता आकार बरोबरच होता.

नेपाळची मोटर सहाला, बांगलादेशची सातला, माझी इस्त्री आठला. रोज साडेसहाला काकांचा फोन. "भूतान, रीडिंग सांगा. नोट करून राहिलो." मीटर बाहेर, मी अंथरुणात. कालच्या आकड्यात सहा मिळवायचे आणि सांगून मोकळं व्हायचं.

करार मोडला तोही मीच. साडू येणार म्हणून एका दुपारी एसी, मोटर, इस्त्री सगळं एकदम लावलं. चारही घरं घामाघूम. देशमुख आणि शेखसाहेब म्हणाले, "बस झालं काका, उद्यापासून फोन करू नका." काका रीडिंगची वही काखेत मारून घरात गेले.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. काका आत चहा टाकत होते, वही टेबलावर उघडी होती. माझ्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे लाल शाईत 'अंदाजे' लिहिलेलं. शेजारी शेरे: 'भूतानचा आवाज बसला आहे.' 'आज दोन मिनिटं बोलला.' 'हसला.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भारताचं पान कोरं होतं.

"काका, तुमचं रीडिंग?"

"ड्यूटीवर होतो तवा बाजूचा ऑपरेटर दर घंट्याले इचारे. घरी तुयी काकू होती. आता मले कोन इचारते?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन मी लावला. "भारत, रीडिंग सांगा. नोट करून राहिलो."

 पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"थांब बाप्पा, मीटर पाहून येतो. आमी अंदाजे सांगत नाई."