रुसलेली फाइल

"फाइल मागितली की तुम्ही नेमकं काय करता?" पुण्याहून आलेल्या कृष्णकांत देवस्थळीनं विचारलं, तेव्हा बळीराम गजभियांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला, खिडकीशी जाऊन खर्रा थुंकला, परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय म्हटलं जी तुम्ही?"

प्रश्न त्यांना पहिल्या वेळीच कळला होता. पण रेकॉर्डकीपरच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत तो कुणी विचारला नव्हता, म्हणून त्यांना तो पुन्हा एकदा ऐकायचा होता.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा एप्रिल होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर येऊन आठ दिवस झाले होते. त्याच्यासाठी एक खोली रंगवून घेतली, तिला एसी बसवला आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन असल्यामुळे अख्ख्या ऑफिसला एकाएकी विज्ञानाची गोडी लागली. दारापुढचा चपलांचा ढीग पाहून वाटावं, आत कीर्तनच चालू आहे.

या कॉम्प्युटरनं फायली शोधायच्या होत्या, आणि त्याला ते शिकवायचं काम कृष्णकांतकडे होतं. पस्तिशीचा, सडाफटिंग, चष्म्याआडून सगळं खरं मानणारा माणूस. त्याचं एक तत्त्व होतं: यंत्र माणसाच्या सवयीनं चालावं, माणसानं यंत्राच्या सवयीनं चालू नये. म्हणून यंत्राला हात लावायच्या आधी तो माणसाशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि माणूस जे म्हणेल ते वहीत उतरवायचा. त्याच्या कंपनीला हे खूळ वाटे. तिनं त्याला चार दिवस दिले होते.

गजभियांचं काम मात्र पहिल्याच दुपारी संपलं. गाव कोणतं, वर्ष कोणतं, नंबर किती, एवढे तीन प्रश्न. मग शिडी लावायची, फायलींचा बस्ता काढायचा, धूळ झटकायची.

"उत्तम!" कृष्णकांतनं वही मिटली. "मग मी उद्याच्याच गाडीनं निघू शकतो."

गजभियांनी मिटलेल्या वहीकडे पाहिलं. नागपुरातच, इंदोऱ्यात, त्यांच्या दोन खोल्या होत्या. अंजनाबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी देवकी भिलाईला दिली होती. घरी बोलणारा एकटा रेडिओ, आणि तो नुसता बोलायचा, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसलं होतं, मान डोलावत होतं, आपलं बोलणं लिहून घेत होतं, आणि तेही उद्या चाललं.

"हे तर साध्या फायलीचं झालं," ते म्हणाले. बोलून गेल्यावर पुढे काय बोलायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"साधी म्हणजे? दुसरीही असते?"

"असते ना. रुसलेली असली तर?"

कृष्णकांतनं वही उघडली.

"साहेबानं सही न करता वापस पाठवली की फाइल रुसते. मग तिले खालच्या कप्प्यात नाही ठेवत. वरच्या डाव्या कप्प्यात ठेवा लागते. नऊ दिवस हात नाही लावाचा."

"नऊच दिवस का?"

"आठ दिवसांत राग जात नाही. अन् दहाव्या दिवशी तिले तशीच राहाची सवय होऊन जाते." गजभियांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाकीचं घरी सांगतो. जेवालेच या. इथं नको, सगळे ऐकून राहिले."

त्या संध्याकाळी गजभियांनी चार वर्षांनंतर दोन माणसांचा स्वयंपाक केला. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, वर कैरीचं पन्हं. एका माणसाचं रांधणं म्हणजे नुसतं पोट भरणं असतं. त्याला चव लागली काय नि न लागली काय. कृष्णकांतच्या डोळ्यांतून तिखटानं पाणी येत होतं, नाक पुसत पुसत तो लिहीत होता आणि "अजून थोडा रस्सा" म्हणत होता. गजभिये त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माहेरी गेलेली फाइल निघाली. जिथून ती मुळात आली त्या खात्यात परत गेलेली, आणि आणायला कुणी न गेलेली. तिसऱ्या दिवशी जोडी फुटलेली फाइल निघाली. दोन भागांतला एक हरवला की उरलेला कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही, असं गजभियांनी सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा बसला. कृष्णकांतनं तेही कंसात लिहून घेतलं, आणि पुण्याला तार केली: "काम गुंतागुंतीचं. मुदत वाढवा."

एक खोटं पचवायला दहा करावी लागतात, हे गजभियांना लवकरच कळलं. कृष्णकांत म्हणाला, "मला एक रुसलेली फाइल प्रत्यक्ष दाखवा." झालं! रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन छप्पन्न वर्षांचे गजभिये शिडीवर चढू लागले. सही न झालेल्या फायली वरच्या डाव्या कप्प्यात, परत गेलेल्यांच्या चिठ्ठ्या मधल्या खणात, जोडी फुटलेल्या खिडकीशी. त्यातच कॉम्प्युटरमध्ये नोंदी भरायची वेळ आली आणि कृष्णकांतनं प्रत्येक टेबलावर तक्ता वाटला: आपल्याकडे रुसलेल्या किती, माहेरी गेलेल्या किती. लोकांनी कुरकुरत तक्ते भरले. भरले नाहीत तर एसीच्या खोलीत शिरायला मिळत नव्हतं.

चार दिवसांचे सहा आठवडे झाले. रोज संध्याकाळी इंदोऱ्यात दोन ताटं मांडली जात. कृष्णकांत सीताबर्डीच्या लॉजवर नुसता झोपायला जाई. आपण याला फसवतो आहोत ही टोचणी गजभियांना लागलीच होती, नाही असं नाही. उद्या सांगून टाकू, असं ते रोज भाकर थापताना ठरवत, आणि कृष्णकांतनं दारातून "बळीरामजी, आज काय?" अशी हाक मारली की सांगणं उद्यावर जाई.

मग मुंबईचे मोठे साहेब कॉम्प्युटर पाहायला आले. एसीच्या खोलीत सगळं ऑफिस अनवाणी उभं राहिलं. इथले साहेब मनोहरराव स्वतः पुढे झाले. कृष्णकांत मशीनशी बसला, गजभिये भिंतीला टेकून.

"खाप्याच्या नळयोजनेची फाइल काढा," मुंबईचे साहेब म्हणाले. "तीन वर्षं मागतोय मी ती."

पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. गाव? वर्ष? नंबर? मनोहरराव प्रसन्न हसले. मग पडद्यानं विचारलं: "फाइल रुसली आहे का? हो / नाही / माहीत नाही."

मनोहररावांचं हसू जागच्या जागी थिजलं. कृष्णकांतनं शांतपणे 'माहीत नाही' दाबलं. पडद्यानं विचारलं: "माहेरी गेली आहे का? आणायला कुणी गेलं होतं का?"

"मनोहरराव," मुंबईचे साहेब म्हणाले, "ही फाइल आहे की सून?"

"देवस्थळी!" मनोहरराव कडाडले. "सरकारची थट्टा करून राहिले तुम्ही? आजच्या आज तुमच्या कंपनीले लिहितो. पुन्हा कोणत्या सरकारी दारात दिसाचं नाही!"

"पण साहेब, मी मनचं काहीच घातलेलं नाही," कृष्णकांत म्हणाला. "काम करणाऱ्या माणसानं सांगितलं तेवढंच आहे." आणि त्यानं गजभियांकडे पाहिलं. ती नजर इतकी विश्वासाची होती की गजभियांना भिंतीत शिरावंसं वाटलं.

गप्प राहिलं तर याची नोकरी जाते. बोललं तर हा जातो. गजभियांनी भिंत सोडली.

"साहेब, त्यांची काही गलती नाही. हे सारं मी बनवून सांगतलं. रुसलेली फाइल नसते, माहेरची नसते. काम तीनच सवालांचं होतं."

"काहून बनवलं मग?" मनोहरराव ओरडले.

"तीन सवालांत संपलं असतं तर हे दुसऱ्याच दिवशी गेले असते," गजभिये म्हणाले. "माह्याकडे जेवाले येत होते, साहेब."

कृष्णकांत पडद्याकडे बघत बसला. तो वळला नाही.

"काहून खोटं बोलता जी गजभियेजी?" मागून आवाज आला. आवक-जावकच्या सिंधूताई होत्या. "नसते कशी? माह्या टेबलावर सतरा रुसलेल्या आहेत. मोजून घ्या!"

"अन् माह्या बारा माहेरी गेल्या," आस्थापनेचे गिरिधर म्हणाले. "एक तर सत्त्याहत्तर सालापासून वापस नाही."

"ही खाप्याची तर रुसलेलीच आहे," सिंधूताईंना आठवलं. "चौऱ्याऐंशीत मनोहरराव साहेबांनीच सही न करता पाठवली होती ना!"

मनोहरराव एकदम एसीकडे पाहू लागले. मुंबईच्या साहेबांनी मागचा प्रश्न परत आणायला लावला आणि स्वतः वाकून 'हो' दाबलं. पडद्यानं लगेच सांगितलं: वरचा डावा कप्पा, चौथा बस्ता. दोन मिनिटांत फाइल त्यांच्या हातात आली. यायचीच होती; गजभियांनी आपलं खोटं खरं करण्यासाठी तिथं ठेवलीच होती.

"तीस वर्षं सरकारी नोकरी करतोय," साहेब फाइल कुरवाळत म्हणाले, "आपलं ऑफिस कसं चालतं ते आज पहिल्यांदा कुणीतरी नीट लिहिलेलं पाहिलं. हा माणूस प्रत्येक जिल्ह्यात गेला पाहिजे. सोमवारपासून भंडारा!"

टाळ्या वाजल्या. गजभियांनीही वाजवल्या. खरं बोलूनही त्यांचं खोटं सुटलं नव्हतं, उलट मंजूर झालं होतं, आणि मंजूर होऊन त्यांचा माणूस घेऊन चाललं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी सवयीनं दोन ताटं मांडली. कृष्णकांत आला नाही. रविवारीही आला नाही. सोमवारी सकाळी तो परस्पर भंडाऱ्याला गेल्याचं सिंधूताईंनी सांगितलं. त्याचा राग खरा होता आणि तो रास्त होता, त्यामुळे गजभियांना स्वतःची समजूतही काढता येईना. आता त्यांच्याकडे फाइल विचारायलाही कुणी येत नव्हतं. सगळे कॉम्प्युटरला विचारत. दिवसच्या दिवस ते रेकॉर्ड रूममध्ये एकटे बसून राहत.

जुलैत कृष्णकांतचं पत्र आलं.

"बळीरामजी, मी रागावलो होतो. इथल्या खाणावळीत जेवून तो राग फार टिकला नाही. पंचवीस-तीस तक्ते सोडले तर इथलं काम संपलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघून सरळ तुमच्याकडे येईन आणि आठवडाभर राहीन, असं ठरवलं होतं. पण आज एक अडचण आली. इथले रेकॉर्डकीपर दादाजी मेश्राम म्हणतात, की फायलींचा आणखी एक प्रकार असतो, तो नागपूरकरांना माहीत नाही. 'अबोल फाइल'. जिला वर्षानुवर्षं कुणी मागितलेलंच नाही अशी. तिला दर आठवड्याला बाहेर काढून एकदा मोठ्यानं वाचावी लागते, नाहीतर ती सापडेनाशी होते. बाकीचं घरी जेवताना सांगतो म्हणाले. तुमच्यामुळे मी आता शहाणा झालो आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. असा प्रकार खरंच असतो का? तुम्ही नाही म्हणालात तर शुक्रवारी निघतोच. उलटटपाली कळवा."

गजभियांनी पत्र दोनदा वाचलं. आठवडाभर! त्यांना हसू आलं, आणि मनानं ते कधीच बाजारात जाऊन वांगी निवडू लागले. एक 'नाही' लिहायचं होतं. शिवाय ते खरंही होतं, म्हणजे या वेळी खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. त्यांनी पोस्टकार्ड पुढे ओढलं आणि तसंच ठेवून बाहेर गेले.

"सिंधूताई, भंडाऱ्याचे मेश्राम ओळखता का वं?"

"दादाजी ना? हाव. मागच्या पोळ्याले त्यांची बायको गेली. पोरगं तिकडे रायपूरले. काहून जी?"

"काही नाही. असंच."

गजभिये परत येऊन बसले. मेश्रामांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं घर त्यांना दाराच्या कडीपासून माहीत होतं. मग त्यांनी पेन उघडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं:

"अबोल फाइल असते. मी विसरलो होतो. ती एका आठवड्यात समजत नाही, निदान महिना लागतो. इकडे येण्याची घाई करू नये. मेश्रामजी सांगतील ते सगळं लिहून घ्यावं, आणि त्यांनी वाढलं तर नाही म्हणू नये."