उपरण्याखालचा सौदा

नोकरीतून मोकळा झालेला माणूस काय करून बसेल याचा नेम नसतो. कुणी भजनी मंडळात जातो, कुणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. मलकापूरच्या भगवंतरावांनी हॉल बांधला. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करताना त्यांनी व्यापाऱ्यांच्या सभा कधी चिंचेखाली, तर कधी सरकीच्या ढिगाशेजारी भरलेल्या पाहिल्या होत्या. तेव्हा नळगंगा नदीच्या काठी, आपल्याच घराच्या परसात, त्यांनी टिनाचं छत घालून एक लांबोडकी खोली उठवली आणि तिला हॉल म्हणायला सुरुवात केली. (बाकी कुणी म्हणत नव्हतं. त्यांच्या पत्नी रुखमाबाई तिला टिनाची खोली म्हणत आणि तिच्यात शेवया वाळत घालत.)

आज त्या शेवया गुंडाळून ठेवाव्या लागल्या होत्या, कारण कापूस व्यापाऱ्यांच्या मंडळाची वार्षिक सभा पहिल्यांदाच हॉलात भरणार होती. सभा पसंत पडली, तर दरसालची सभा इथेच, शिवाय लग्नं, मुंजी, नागपूरहून येणाऱ्या साहेबांचे सत्कार, सगळं इथेच. नाही पडली, तर चिखलीचे उकंडराव टपलेलेच होते. त्यांचा हॉल पक्क्या विटांचा होता आणि मंडळाचे ते जुने सभासदही होते. शत्रू घरातच जेवायला यावा, तसा हा प्रकार.

त्यात भगवंतरावांचा स्वभाव भारी संशयी. कुणी रस्त्यात रामराम केला, तरी याला आपल्याकडून काय पाहिजे असेल, याचा ते दिवसभर विचार करत. उकंडराव तर सकाळी सगळ्यांच्या आधी आले, वर हसतमुखाने आले. एवढं पुरे होतं.

"पाह्यलं का, उपरनं नवंकोरं घालून आला," भगवंतराव स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले. "काऊन घातलं असंन?"

"जुनं फाटलं असंन," रुखमाबाई म्हणाल्या. त्या चहाच्या आधणात दूध ओतत होत्या. दूध भुरीचं. भुरी म्हणजे रुखमाबाईंची म्हैस. माहेरहून आंदण आलेल्या म्हशीची ती नात. हॉलाच्या दारासमोरच ती बांधलेली असे, आणि रुखमाबाई सोडून दुसऱ्या कुणी धारेला बसलं तर बादली लाथेने उडवून देई. भगवंतरावांना तर तिच्याजवळून जायचं म्हटलं तरी फेर घ्यावा लागे.

सभा सुरू झाली. अध्यक्ष निवृत्तीशेठ नांदुऱ्याचे, बोलायला उभे राहिले की बसायचं विसरणारे. चहा फिरला. धामणगाव बढ्याच्या रहेमतुल्लाशेठनी एक कप घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला जिभेने मिशा पुसल्या.

"क्या बात है! दूध घरचंच का, भगवंतराव?"

"हाव, घरचंच."

"आनं म्हैस? थे दारातली?"

"थेच."

भगवंतरावांच्या मनात पाल चुकचुकली. कुठे कापूस, कुठे म्हैस! असली चौकशी माणूस मुद्द्यावरून लक्ष उडवायलाच करतो. मंडळाच्या सभा कुठे भरवायच्या, हे ठरवण्याचं काम यंदा रहेमतुल्लाशेठकडेच होतं. भगवंतराव दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले. (स्वतःच्या हॉलाच्या दाराला डोळा लावणं त्यांना कमीपणाचं वाटत नसे.)

आणि त्यांना ते दिसलं. निवृत्तीशेठ सरकीच्या भावावर बोलत होते, सभा अर्धी पेंगत होती, आणि मागच्या तक्क्याशी उकंडराव अन् रहेमतुल्लाशेठ मांडीला मांडी लावून बसले होते. दोघांचे उजवे हात त्या नव्याकोऱ्या उपरण्याखाली!

बाजाराची ही रीत जन्मभर कापसात काढलेल्या माणसाला सांगायला नको. चारचौघांत भाव तोंडाने बोलायचा नाही. कापडाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. पूर्ण मूठ आवळली की सौदा पक्का. मग आकाश कोसळलं तरी शब्द फिरवायचा नाही. फिरवला, तर त्या माणसाच्या दारात पुन्हा व्यापारी येत नाही.

"बसला माह्या पोटावर पाय!" भगवंतराव धावत चुलीपाशी आले. "हॉलाचं भाडं ठरवून राह्यले थे! माह्याच घरात, माह्याच चहावर!"

"तुमाले काय माईत? दुसरं काही असंन."

"दुसरं काय असनार? म्हैस थोडीच घेऊन राह्यले हॉलात बसून!"

विड्याचं तबक घेऊन ते आत शिरले आणि सरळ त्या दोघांच्या मधे जाऊन बसले. एका हाताने तबक पुढे केलं, दुसरा हात हळूच उपरण्याखाली सारला. उकंडरावांनी दचकून आपला हात काढून घेतला. (चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं भगवंतरावांना वाटलं.) रहेमतुल्लाशेठनी मात्र जरा चमकून पाहिलं, मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी भगवंतरावांची तीन बोटं दाबली.

तीन! हॉलाचे दिवसाला तीनच रुपये! उकंडराव मान हलवून 'नाही, नाही' करत होते. म्हणजे त्यांना तीन परवडत नव्हते. हीच वेळ होती. भगवंतरावांनी डोळे मिटले आणि रहेमतुल्लाशेठची मूठ आवळली.

"माशाल्ला!" रहेमतुल्लाशेठ पुटपुटले, आणि भगवंतरावांच्या तळहातावर सौद्याच्या इसाराचा रुपया ठेवला. "दिलदार मानूस हाये राजा तुमी. मले वाटलं नव्हतं तुमी देसान म्हून."

भगवंतराव छाती काढून स्वयंपाकघरात आले. रुखमाबाईंच्या हातावर रुपया ठेवून म्हणाले, "देवापुढं ठेव. उकंडरावाच्या तोंडातला घास काढून आनला."

रुखमाबाईंनी रुपया देवापुढे ठेवला, नवऱ्याचं म्हणून थोडं कौतुकही केलं. उदबत्ती लावेपर्यंत बाहेरून भुरीचं रेकणं ऐकू आलं. जाऊन पाहतात तो, रहेमतुल्लाशेठचा गाडीवान बशीर तिचं दावं सोडत होता आणि भुरी त्याला पायाखाली घ्यायच्या बेतात होती.

"अरे, माही म्हैस कुठी नेऊन राह्यला तू?"

"शेठनं घेतली ना, बाई. इसार देल्ला. इमामबी मालकीन कवापासून म्हशीसाठी मांगं लागली होती."

सभा बाहेर आली. मग सगळा उलगडा झाला. उकंडराव आपली म्हैस विकत होते, पाच बोटांना, म्हणजे बोटाला वीस धरून शंभर रुपयांना. रहेमतुल्लाशेठ चार बोटांवर अडले होते. तेवढ्यात भगवंतराव स्वतःहून मधे बसले आणि भुरीसारखी म्हैस तीन विशांत देऊन टाकली. उकंडराव तर सगळ्यांना शपथेवर सांगत होते, "म्या मान हलवून हलवून सांगितलं, भाऊ, की इतकी सस्ती देऊ नको!"

भगवंतराव म्हणाले, "मले... मले वाटलं हॉलाचं चालू हाये."

"हॉलाचं?" निवृत्तीशेठ म्हणाले. "थे तं चहा पेल्यावरच ठरलं होतं. दरसाल इथंच. असा चहा साऱ्या वऱ्हाडात कुठी भेटते?"

रहेमतुल्लाशेठ भला माणूस, ते बशीरला हाताने थांबवत म्हणाले, "बाई, राहू द्या. सौदा मोडला असं समजू."

पण साऱ्यांचे डोळे भगवंतरावांवर होते, आणि आवळलेली मूठ सोडली तर या दारात उद्या कोण येईल, हे रुखमाबाईंनाही कळत होतं. त्यांनी देवापुढचा रुपया आणून नवऱ्याच्या हातावर आपटला. "शब्द देल्ला नं तुमी? मंग झालं." भुरीच्या मानेला मिठी मारून त्या ढसाढसा रडल्या, आणि स्वतःच दावं बशीरच्या हातात दिलं. भगवंतरावांना त्या वेळी नदीत उडी घ्यावीशी वाटली. नदीला पाणी नव्हतं.

भुरी गेली, तसा चहा गेला. दुपारचा चहा पिऊन मंडळी एकमेकांकडे बघू लागली. निवृत्तीशेठनी खाकरून सुचवलं, की पुढल्या सालची सभा धामणगावला, रहेमतुल्लाशेठच्या वाडीत घ्यायला काय हरकत आहे? हरकत कुणाचीच नव्हती. सगळ्यात जोरात टाळ्या उकंडरावांनी वाजवल्या.

पुढल्या साली सभेच्या आदल्या दिवशी बशीर छकडा घेऊन दारात हजर झाला. भगवंतराव कोट चढवून, पगडी नीट करून बाहेर आले. मंडळ आपल्याला विसरलं नाही, हे पाहून त्यांचा ऊर भरून आला.

"शेठनं कोनाले बलावलं, बशीर?"

"बाईले," बशीर म्हणाला. "भुरी कोनाले धार काढू देत नाई. शेठचं म्हननं, बाई दोन दिवस आली पाहिजे." त्याने छकड्यात पाहिलं. बाईंसाठी गादी होती, बादली होती, भुरीसाठी सरकीची ढेप होती. "जागा उरली तं तुमीबी बसा. पन शेठनं सांगितलं, सभा सुरू झाली की हात खिशात ठेवजा."